मोरीपासून बोरीपर्यंत

(अमळनेर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व तालुक्यातील शासकीय अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. अमळनेर हे तत्त्वज्ञान मंदिराचे गाव. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून 1916 साली ते उभे राहिले आणि ब्रह्म, माया, आत्मा अशा विषयांचा ऊहापोह येथे वर्षानुवर्षे झाला. अशा गावी घरची मोरी का तुंबते व ती कशी मोकळी ठेवावी, याविषयी बोलणे कोणास विसंगत वाटेल. परंतु ह्याच गावी 1924 ते 1930 ह्या काळात एक शिक्षक प्रताप हायस्कुलात शिकवीत असत. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुले बाहेर गेली म्हणजे ते त्यांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवीत. ते शिक्षक म्हणजे साने गुरुजी. तत्त्वज्ञान आणि झाडू ह्यांत अंतर नाही, ही शिकवण ह्या गावाने फार पूर्वी पाहिली आहे. तेव्हा आजचा विषय ह्या गावाच्या परंपरेस धरूनच आहे असे मी मानतो.

मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : मोरी तुंबू न देणे हे घरच्या माणसांचे नित्याचे काम आहे. ते घरात झाले नाही, तर त्याचा भार गल्लीवर, गल्लीचा गावावर आणि अखेरीस चेंबरमध्ये उतरविल्या जाणाऱ्या एखाद्या गरीब माणसाच्या जिवावर पडतो. ह्या साखळीतील पहिली कडी आपल्या हातात आहे.

किती पाणी, कोठे जाते?

प्रथम प्रमाणाचा विचार करू. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण धरले. पाच माणसांच्या घरात हे 275 लिटर होतात. पिण्यात, स्वयंपाकात व अन्यत्र खर्ची पडणारे वजा केले, तरी सुमारे पाऊण हिस्सा, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास पाणी मोरीवाटे बाहेर पडते. चारशे उंबऱ्यांच्या गावात हे रोजचे 80 हजार लिटर झाले. घरात पाणी यावे म्हणून आपण विहिरी, टाक्या, जलवाहिन्या ह्यांवर मोठा खर्च केला. परंतु आलेले पाणी जावे कोठे, ह्याचा विचार त्या मानाने मागे पडला. नळ आला की गटार वाहू लागते, हे पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक योजनेबरोबर ध्यानात ठेवावयास हवे.

हे पाणी उताराच्या वाटेने जाते. गल्लीतून ते नाल्यात जाते आणि नाल्यातून नदीत. अमळनेरपुरते बोलावयाचे तर ते बोरीकडे उतरते. ज्या बोरीच्या पात्रात दर वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते व रथ निघतो, ती बोरी आणि आपल्या घरची मोरी ह्यांचा संबंध इतका जवळचा आहे.

मोरी तुंबते कशाने?

मोरी एका दिवसात तुंबत नाही. तुंबल्याचे एका दिवशी ध्यानात येते, इतकेच. आतील थर अनेक महिन्यांचा असतो.

पहिले कारण तेल-तूप. खानदेशी स्वयंपाकात तर्री हवीच. शेवभाजीचे पातेले असो की भरिताची कढई, ती गरम पाण्याने धुतली की स्निग्धांश पातळ होऊन मोरीत उतरतो आणि चार-पाच हात पुढे गेल्यावर थंड होऊन नळीच्या अंगास चिकटतो. वनस्पती तुपाचे तर विशेषच. ह्या गावाला त्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. डिसेंबर 1945 मध्ये येथे स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी वनस्पती तूप तयार करीत असे व त्याच्या जोडीने 787 नावाचा कपड्यांचा साबणही. तीच पुढे विप्रो ह्या नावाने जगभर गेली. तेल घट्ट करून तूप होते आणि स्निग्ध पदार्थांवर क्षाराची क्रिया करून साबण होतो, हे रसायन येथील कामगारांना पाठ होते. तेच रसायन आपल्या नळीत, आपल्या इच्छेविरुद्ध, चालू असते. विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्यातील चुन्याचा अंश साबणाशी व चरबीशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करतो. तो नळीत साचत जातो आणि पुढे दगडासारखा कठीण होतो.

हा दोष केवळ आपल्याकडे आहे असे समजू नये. सप्टेंबर 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील भुयारी गटारात चरबी, चिंध्या व कचरा ह्यांचा सुमारे 250 मीटर लांबीचा व 130 टन वजनाचा गठ्ठा सापडला होता. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा तेथील संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आला. प्रगत देशातील मोठी गटारेसुद्धा स्वयंपाकघरातील निष्काळजीपणापुढे हात टेकतात.

दुसरे कारण गाळ. भांडी घासण्याची राख व माती, चहाचा चोथा, भाताचे शीत, पिठाची खरकटी. पीठ पाण्यात फुगते आणि खळीसारखे चिकटते. तिसरे कारण न्हाणीतील केस. केसांचे जाळे झाले की त्यात साबणाचा साका अडकतो व बोळा तयार होतो. चौथे कारण शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटे, चिंध्या, सॅनिटरी पॅड. ह्या वस्तू पाण्याबरोबर वाहत जाण्यासाठी नसतात. त्या मोरीत टाकणारा माणूस आपल्या दृष्टीआड करतो, परंतु त्या पुढच्या वळणावर थांबलेल्याच असतात.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. टंचाईच्या दिवसांत पाणी मोजके वापरावे लागते. नळीतून पाणी कमी व मंद वाहिले की घाण वाहून नेण्याचे बळ त्यास राहत नाही. म्हणून अवर्षणाच्या वर्षी मोऱ्या अधिक तुंबतात, हे वरवर उलटे वाटणारे सत्य आहे.

उतार, वळण आणि चेंबर

घर बांधताना तीन गोष्टींकडे लक्ष दिले, तर पुढची निम्मी कटकट वाचते.

पहिली गोष्ट उतार. चार इंची नळीस 40 फुटांत 1 फूट आणि सहा इंची नळीस 60 फुटांत 1 फूट, हा गवंड्यांना व नळकारागिरांना माहीत असलेला जुना नियम आहे. पाण्याला सेकंदास सुमारे दोन फूट वेग मिळाला की ते स्वतःच नळी धुऊन काढते. उतार कमी असेल तर गाळ बसतो. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण येते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नळी नुसती पुरली तर ती खालीवर होऊन सांध्यात निखळते व मध्येच खोलगट होते. म्हणून खाली वाळूचा अथवा मुरुमाचा थर ठोकून बसविल्यावाचून नळी टाकू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी धरून ठेवणारे वळण. न्हाणीत जाळीखाली नहाणी ट्रॅप व घराबाहेर गल्ली ट्रॅप असतो. त्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव उभे राहते आणि ते पाणीच गटारातील दुर्गंधी व किडे घरात येऊ देत नाही. वाकड्या नळीत पाणी अडवून वायू रोखण्याची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग ह्या लंडनमधील घड्याळजीने 1775 साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात योजली होती. नळीने खाली उतरलेले पाणी पुन्हा वर चढते, हा निसर्गनियम आपल्या खानदेशासही नवा नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा धुळे जिल्ह्यातील दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळीचे, म्हणजे वक्रनलिकेचे, काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. मोठ्या अभियंत्याची सुरुवात ज्या तत्त्वाने झाली, तेच तत्त्व आपल्या न्हाणीच्या कोपऱ्यात काम करीत असते. मात्र पाणी जेथे उतरून पुन्हा चढते, तेथे गाळ बसणारच. म्हणून हे वळण वरचेवर साफ करावे लागते. तसेच बंद घरातील ट्रॅप खानदेशच्या उन्हाळ्यात आटून जातो व घरात दुर्गंधी सुटते. गावी जाण्यापूर्वी त्यात तांब्याभर पाणी व वर चमचाभर गोडेतेल ओतावे. तेलाच्या तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही.

तिसरी गोष्ट चेंबर. नळी जेथे वळते आणि जेथे दोन नळ्या मिळतात, तेथे उघडता येईल असे झाकणाचे चेंबर हवे. मोहेंजोदडोच्या नगररचनेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, विटांची झाकलेली गटारे व गाळ साठण्यासाठी खड्डे होते. झाकण काढून साफ करता यावे, हा विचार त्यामागे होता. आज कित्येक ठिकाणी आपण चेंबरवर फरशी बसवून ते कायमचे बंद करतो आणि पुढे तुंबले की अंगण फोडतो.

मोरी तुंबल्यावर

ह्या सर्व दक्षतेनंतरही मोरी कधीतरी तुंबेल. तेव्हा घाई न करता क्रमाने जावे.

प्रथम तुंबलेपणा कोठे आहे ते पाहावे. एकच मोरी तुंबली असेल तर दोष त्या मोरीत आहे. घरातील सर्वच मोऱ्या हळू जात असतील तर दोष पुढे, चेंबरात अथवा बाहेरच्या नळीत आहे. हे न पाहता कित्येकदा न्हाणीत व्यर्थ श्रम केले जातात.

मग हातमोजे घालून जाळी उचलावी, साचलेले पाणी डब्याने काढून बादलीत घ्यावे आणि केसांचा बोळा, खरकटे, गाळ हाताने बाहेर काढावा. बहुतेक मोऱ्या एवढ्यानेच मोकळ्या होतात. काढलेली घाण पुढच्या गटारात ढकलू नये. ती कचऱ्यात टाकावी.

चरबीचा थर असेल तर धुण्याचा सोडा मूठभर टाकून वर गरम पाणी ओतावे. नळी प्लॅस्टिकची असेल तर उकळते पाणी ओतू नये, ती नरम पडून वाकते. हातास सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पुरे. खाण्याचा सोडा व लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र टाकण्याची सूचना अनेकांनी ऐकली असेल. त्यातून फेस येतो म्हणून ते परिणामकारक वाटते. वस्तुतः आम्ल व क्षार एकमेकांस मारतात व मागे बहुतांशी खारट पाणी उरते.

त्यानंतर लाकडी दांड्याचा रबरी पंप वापरावा. वाटी पाण्यात पूर्ण बुडेल इतके पाणी असू द्यावे, जवळची दुसरी भोके ओल्या फडक्याने बंद करावीत आणि पंधरा-वीस वेळा जोराने खालीवर करावे. फडके न लावल्यास सारा जोर दुसऱ्या भोकातून निघून जातो. इतक्यानेही भागले नाही, तर बांबूची लवचीक कामटी किंवा तारेची स्प्रिंग फिरवीत आत घालावी. शक्य असेल तेथे ती चेंबरकडून घराच्या दिशेने घालावी, म्हणजे घाण पुढे ठासली न जाता मोकळ्या बाजूस येते.

औषधांचा मोह

बाजारात मोरी मोकळी करणारी पावडर मिळते. तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाण्याशी मिळताच तो तापतो, त्वचा व डोळे जाळतो आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी खातो. ती वापरावयाचीच झाली तर मुलांना दूर ठेवून, डोळे सांभाळून, वेष्टनावरील सूचनांप्रमाणे वापरावी. आणि एकदा टाकल्यावर त्या मोरीत पंप मारू नये, कारण उडालेला एक थेंब दृष्टी घालवू शकतो.

आम्लाविषयी अधिक निक्षून सांगावेसे वाटते. शौचालय साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही कधीही एकत्र होऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो प्राणघातक ठरतो. शाळेत शौचालयांची स्वच्छता करून घेणाऱ्या मुख्याध्यापकांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. शिवाय आम्ल सिमेंट खाते आणि सेप्टिक टँकमध्ये मैला कुजविणाऱ्या जिवाणूंनाही मारते.

येथे थांबावे

आता मी विषयाच्या गंभीर भागाकडे येतो. मोरी, जाळी, ट्रॅप, अंगणातील उथळ चेंबर, इथवरचे काम घरच्या माणसाने करावे. परंतु खोल चेंबर किंवा सेप्टिक टँक ह्यांच्या तोंडाशी आल्यावर थांबावे. तेथे कोणीही उतरू नये आणि कोणासही उतरवू नये.

आत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठलेले असतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास कुजक्या अंड्यासारखा येतो. मात्र त्याचे प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणून वायू गेला, असा घातक भ्रम होतो. माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्यास काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि एकाच टाकीत एका कुटुंबातील दोघे-तिघे जातात. काडी ओढून किंवा कंदील सोडून परीक्षा पाहण्याची जुनी रीतही सोडून द्यावी. मिथेन पेट घेऊ शकतो आणि दिवा जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा 2013 चा अधिनियम 6 डिसेंबर 2013 पासून अमलात आला. त्याच्या कलम 7 अन्वये कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा अभिकरण ह्यांना आवश्यक संरक्षक साधने व दक्षता ह्यांवाचून गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणासही लावता येत नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द ध्यानात घ्यावेत. त्यांत नगरपरिषद व ठेकेदार येतात तसा घरमालकही येतो. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 च्या निकालात अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख केली. भरपाईचे आकडे वाढतात, परंतु गेलेला माणूस परत येत नाही. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावा. तो भरून वाहू लागण्याची वाट पाहू नये. त्याचे पाणी उघड्या गटारात सोडण्याची वहिवाट अनेक गावांत आहे. तीही थांबली पाहिजे.

अंगणाच्या पलीकडे

घरची मोरी वाहती झाली, पण बाहेर पाणी साचले, तर रोग घरी परत येतो. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास होतात. हत्तीरोग पसरविणारे डास ते हेच. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा गटार वाहते केले तर ही साखळी तुटते. दुसरा धोका नळाच्या पाण्याचा. कित्येक गल्ल्यांत पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून गेलेली असते. पाणी सतत येत नसल्याने पुरवठा बंद झाल्यावर नळीत ओढ निर्माण होते व सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. कावीळ व अतिसार ह्यांची साथ आली की प्रथम ह्या जागा तपासाव्यात.

जेथे जमीन पाणी पिते, तेथे शोषखड्डा हा उत्तम उपाय आहे. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात खाली मोठे, वर लहान दगड भरावेत. तोंडाशी भोके पाडलेले मडके, त्यात नारळाचा काथ्या ठेवावा, म्हणजे गाळ वरच अडतो व काथ्या काढून बदलता येतो. विहिरीपासून तो किमान दहा मीटर दूर असावा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली, डासांचा उपद्रव घालविला आणि ही पद्धत इतर गावांसही अनुकरणीय ठरली.

मात्र आपल्या तापीखोऱ्यातील काळ्या कन्हार जमिनीत हा उपाय डोळे मिटून योजू नये. ही माती पाणी सावकाश पिते. आधी हातभर खोल खळगा घेऊन पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसरे पाणी रात्रभरातही जिरले नाही तर तेथे शोषखड्डा चालणार नाही. मुरूम लागत असेल तर तेथवर खोल जावे. नसल्यास पाणी परसबागेत केळी, अळू, कर्दळ ह्यांना फिरवून द्यावे, अथवा अनेक घरांचे पाणी एकत्र करून गावाबाहेर स्थिरीकरण तळे करावे. जमीन न पाहता केवळ उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी घेतलेले खड्डे एका पावसाळ्यात बुजतात आणि लोकांचा विश्वास उडतो.

हे काम कोणाचे?

शेवटचा प्रश्न हा आहे आणि तोच मुख्य आहे. गटार साफ करणे हे अमुक एका जातीचे काम, ही समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली. मोरीत काहीही टाकण्याची मोकळीक आपल्याला ह्याच समजुतीने दिली, कारण काढणारा दुसरा होता. डिसेंबर 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण आरंभिले. ते ब्राह्मण असल्यामुळे ते काम त्यांना नाकारण्यात आले होते. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनीही येरवड्यात अन्नत्याग केला. अप्पासाहेबांनी पुढचे आयुष्य कोकणात सफाईची साधने सुधारण्यात वेचले. काम हलके नसते, ते दुसऱ्यावर लादणे हलके असते, हा त्या उपोषणाचा अर्थ मी समजतो.

खानदेशाजवळ तर ह्याहून जुने उदाहरण आहे. पांझरेवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतात येते. पाटकरी, हवालदार, जागल्या हे शेतकऱ्यांनीच नेमलेले. हंगामापूर्वी पाटातील गाळ लाभधारकांनी मिळून काढावयाचा, हा तेथला रिवाज. पाटाच्या टोकाच्या शेतकऱ्यास पाणी मिळावे म्हणून मुखाजवळच्या शेतकऱ्यानेही फावडे घ्यावयाचे. येणाऱ्या पाण्यासाठी ज्या समाजाने शतकानुशतके ही शिस्त पाळली, त्यास जाणाऱ्या पाण्यासाठी ती पाळणे अशक्य नाही.

म्हणून काही विनंत्या करतो. पंचायत सदस्यांनी आपल्या वॉर्डातील गटारांचा उतार, चेंबरची झाकणे व नळीचे सांधे पावसाळ्यापूर्वी स्वतः फिरून पाहावेत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा 30 टक्के हिस्सा स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. अशा निधीतून नवे गटार बांधताना जुन्याच्या देखभालीची तरतूदही त्याच ठरावात असावी. गटार साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यास हातमोजे, बूट व लांब दांड्याची अवजारे मिळाली आहेत की नाहीत, हे मासिक सभेत विचारले जावे. अधिकाऱ्यांनी बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी वरच्या टोकास चार बादल्या पाणी ओतून ते खालच्या टोकास पोहोचते की नाही, एवढी साधी परीक्षा घ्यावी. शिक्षकांनी शाळेच्या हात धुण्याच्या जागेची मोरी मुलांसमोर उघडून दाखवावी. विज्ञानाचे पुस्तक तेथे आपोआप उघडेल. मात्र ह्या कामाची पाळी सर्व मुलामुलींना सारखी यावी आणि ती कधीही शिक्षा म्हणून दिली जाऊ नये. मुलांना शौचालयाच्या चेंबरजवळ तर नेऊच नये.

घरासाठी एवढेच पथ्य पुरेसे आहे. कढई धुण्यापूर्वी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यावी. मोरीस जाळी असावी. आठवड्यातून एकदा जाळी काढून ट्रॅप साफ करावा व बादलीभर पाणी एकदम सोडावे. आणि हे काम घरातील स्त्रीवर सोपवून पुरुषांनी बाजूस होऊ नये.

आखाजीला आपण सासुरवाशिणींना माहेरी आणतो, घर झाडतो, सारवतो, नवा घट ठेवतो. पावसाळा तेव्हा महिना-सव्वा महिन्यावर आलेला असतो. घरच्या सर्व मोऱ्या, चेंबर व दारापुढचे गटार आखाजीच्या आत मोकळे करावयाचे, असा रिवाज तालुक्यातील प्रत्येक गावाने पाडावा. येत्या ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावा आणि गल्लीवार जबाबदारी वाटून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.